कंपाउंड धनुष्यासाठी कोणता अ‍ॅरो रेस्ट (बाण टेकवायचा आधार) घ्यावा? मदत हवी आहे

मंडळी, रत्नागिरीजवळ राहतो. माझ्याकडे शिकारीच्या बनावटीचं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं आणि केबल असलेलं धनुष्य आहे. शिकार अर्थातच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे आणि ते योग्यच आहे. मी बागेत फोमच्या लक्ष्यावर सराव करतो.

सध्या ब्रशचा, म्हणजे बाणाला चहूबाजूंनी धरणारा बिस्किट रेस्ट आहे. बाण कधी पडत नाही, म्हणून शिकताना तो फार बरा वाटला. पण पिसं त्यातून घासून जातात आणि आता तर ती दुमडायला लागली आहेत. बाण सरळ जातो का बघायला सहा फुटांवरून कागदातून मारला की पिसांकडची फाट टोकाच्या भोकापेक्षा वर जाते. रेस्ट थोडा वर घेतला, तरी फरक नाही. पिसांना पावडर लावून बघितली, तर खालच्या पिसावरची पुसली जाते.

ड्रॉप-अवे, म्हणजे बाण सुटताच खाली पडणारा रेस्ट घ्यायचा विचार आहे. त्याची दोरी केबलला बांधायचा चांगला की लिंबला (धनुष्याच्या वाकणाऱ्या पातीला)? केबल ताणून सैल झाली की वेळ चुकते म्हणतात, लिंबवाल्यात तो त्रास कमी असतो का? आणि मुख्य काळजी आमच्या खाऱ्या हवेची. पावसाळ्यात स्क्रू गंजतात, स्प्रिंग अडकली तर रेस्ट वेळेवर खाली पडणारच नाही. किनाऱ्यावर कुणी वापरतं का? तेल कोणतं लावता?

सेंटर शॉट, म्हणजे बाणाची मध्यरेषा, रायझरपासून (धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागापासून) १३/१६ इंचावर ठेवून सुरुवात करावी, एवढं वाचलंय. त्यापुढे आधी काय हलवायचं, रेस्ट की नॉकिंग पॉइंट (प्रत्यंचेवर बाण अडकवायची जागा)? कृपया सविस्तर सांगा.