पहिलं स्कीइंग: गुलमर्ग की स्वित्झर्लंड? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए-५०३, रात्री ९:१२
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत मुलांना (९ आणि १३) बर्फात न्यायचं चाललंय. नुसता बर्फ बघायला नाही, दोघांना स्कीइंग शिकायचंय. ट्रॅव्हलवाले स्वित्झर्लंडची दहा दिवसांची टूर सुचवतायत, त्यात टिटलिस हा बर्फाचा डोंगर आहे. घरात मत पडतंय की गुलमर्गच करू. दोन्हीकडे स्की केलेलं कोणी आहे का?

सी-१०२, ९:२०
आम्ही टिटलिस केलंय, फार सुंदर. पण टूरमध्ये वर नेतात, फोटो, बर्फात तास-दोन तास, की खाली. स्की पायाला लागलीच नाही.

बी-७०४, ९:४१
दादा, मी दोन्हीकडे केलंय, म्हणून सविस्तर लिहिते. लग्नाआधी गुलमर्गला शिकले. नंतर तीन वर्षं म्युनिकला होतो, तिथून ऑस्ट्रियात गाडीने जायचो.

शिकणाऱ्याला डोंगर लागत नाही, शिक्षक आणि सलग पाच-सहा दिवस लागतात. पहिले दोन दिवस बूट घालून चालणं, पडणं, उठणं आणि स्कीची टोकं जुळवून थांबणं यातच जातात. वळता येतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी. म्हणून दहा दिवसांत चार शहरं असलेली टूर असेल, तर स्कीइंगसाठी तिकडे जाऊ नका. देश बघायला जरूर जा.

गुलमर्गला केंद्र सरकारची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, तिथे नवशिक्यांचे कोर्स होतात. खासगी शिक्षकही मिळतात, बरेचसे गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गच्या आसपासचे, लहानपणापासून स्कीवर वाढलेले. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताकडून एकटा गेलेला आरिफ खान त्याच भागातला. माझ्या शिक्षकांनी मला हिंदीत, न चिडता, शंभर वेळा उठवलं. घाबरलेल्या मुलाला आपल्या भाषेत धीर देणारं माणूस मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

डी-२०१, ९:५५
पण ताई, सोयींचं काय? माझा भाऊ दुबईहून दरवर्षी जॉर्जियात गुदौरीला जातो. तिबिलिसीपासून १२० किलोमीटर. रोज सकाळी मशीनने सपाट केलेला उतार असतो म्हणे.

बी-७०४, १०:०८
अगदी खरं, आणि तिथे युरोप कितीतरी पुढे आहे. उतारांना रंग असतात: निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. कुठे जायचं नाही ते मुलालाही कळतं. बर्फ कमी पडला तर यंत्राने बनवतात. मुलांच्या शाळेत सरकता पट्टा असतो, त्यावर उभं राहून वर जायचं, म्हणजे दम शिकण्यातच खर्च होतो.

गुलमर्गची खरी ख्याती वेगळी आहे. गंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर चार हजार मीटरच्या जरा खाली सोडतो. स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटची सर्वात उंच केबल कार ३,८८३ मीटरवर आहे, यावरून अंदाज घ्या. तिथून खालचा उतार बहुतेक मोकळा, न आखलेला. जगभरातले तयार स्कीअर त्यासाठीच येतात, आणि हिमस्खलनात माणसं गेलीही आहेत. मुलांना तिथे स्की घेऊन पाठवायचंच नाही. गावालगतचे सौम्य उतार त्यांना आठवडाभर पुरतात. गावसुद्धा २,६५० मीटरवर आहे, कळसूबाईच्या दीडपटीहून उंच. पहिला दिवस आराम, भरपूर पाणी.

सी-३०४, १०:१५
मला मात्र पहलगामनंतर काश्मीरचं धाडस होत नाही. डोंबिवलीची, पुण्याची माणसं होती हो.

बी-७०४, १०:१९
काकू, ते दुःख आपलंच आहे, आणि भीती वाटते त्यात काहीच चूक नाही. मन तयार नसेल तर उत्तराखंडात औली आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा तिथे झाल्या होत्या. गढवाल मंडल विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे कोर्स घेतं. जाण्याआधी जोशीमठचा रस्ता आणि बर्फ, दोन्हींची चौकशी करा.

ए-५०३, १०:२४
ताई, नाताळात बर्फ मिळेल ना पण?

बी-७०४, १०:३६
इथेच आपली खरी अडचण आहे. आपल्या शाळांच्या सुट्ट्या आणि हिमालयातला बर्फ जुळत नाहीत. काश्मीरचा चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ, २१ डिसेंबरला सुरू होतो. पण थंडी आली म्हणजे बर्फ आलाच असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार कोरडे, तपकिरी होते. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या तिथल्या स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चवर ढकलल्या. बर्फ बनवायची यंत्रं नसतील तर सगळी भिस्त आभाळावर.

तारखा हलवताच येत नसतील आणि नाताळच धरायचा असेल, तर परदेश जास्त भरवशाचा, पण एकाच गावात सहा रात्री राहून, मुलांना स्की शाळेत घालून. शाळेतून आठवडाभर रजा मिळत असेल, तर फेब्रुवारीत गुलमर्ग. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं.

डी-२०१, १०:४०
स्वित्झर्लंडला लागणारा शेंगेन व्हिसा ९० युरो माणशी, सहा ते अकरा वयाला ४५. म्हणजे मोठीला पूर्ण फी. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

बी-७०४, १०:५२
विम्यात स्कीइंग वेगळं घालून घ्यावं लागतं, साध्या पॉलिसीत बहुधा नसतं. कुठेही गेलात तरी एक गोष्ट माझ्याकडून हात जोडून: भाड्याच्या स्की घेताना वजन, उंची, वय सांगा आणि बायंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड) समोर जुळवून घ्या. तिकडे युरोपातल्या एका दुकानात मला वजन न विचारताच स्की दिल्या. पडले तेव्हा बूट सुटला नाही, डावा गुडघा पिळला गेला. सहा आठवडे पट्टा होता, अजून जिना उतरताना जाणवतं. मुलांचा गुडघा कोवळा असतो. आणि हेल्मेटशिवाय एक फेरीही नाही.

ए-५०३, ११:०५
घरी बोललो. नाताळ सोडला. फेब्रुवारीत आठ दिवस गुलमर्ग, उद्या दोघांच्या वर्गशिक्षकांना भेटतो. गंडोलाची तिकिटं तिथे गेल्यावर मिळतात का?

बी-७०४, ११:०९
नाही, आधी ऑनलाइनच काढा, लवकर संपतात. श्रीनगरहून परतीच्या विमानाआधी एक रात्र हाताशी ठेवा, बर्फ पडला की उड्डाणं रद्द होतात. माझ्या मुलीचे गॉगल आणि जलरोधक हातमोजे धाकट्याला होतील. रविवारी सकाळी येऊन घालून बघा.