क्लच पेडल पंप केल्यावरच गिअर पडतो. गिअरबॉक्स उतरवायलाच हवा का? (नागपूर)

मंडळी, सल्ला हवा आहे. गाडी २०१० ची, डिझेल, हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारा) क्लच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "ती गाडी घेतलीच कशाला" यावर जातो. पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी करून घेतली आहे, त्यामुळे अजून चालवायची आहे.

सकाळी इंजिन गार असताना सगळं ठीक. दुपारी बर्डीच्या गर्दीत व्हरायटी चौकापासून लोहापुलापर्यंत रांगत गेलं की पेडल पोकळ लागतं आणि पार खाली दाबल्याशिवाय क्लच सुटत नाही. पहिला गिअर अडतो, रिव्हर्स टाकताना कर्र आवाज येतो. पेडल भराभर पंप केलं की गिअर निमूट पडतो. इंजिन बंद असेल तर सगळे गिअर बिनतक्रार पडतात.

डबीतलं ऑइल काळपट झालंय आणि पातळीही उतरली आहे. ब्रेक-क्लचची डबी एकच आहे. रामझुल्याच्या चढावर चौथ्या गिअरात रेस दिली तर गाडी ओढते. आरपीएम एकटेच वाढत नाहीत, करपल्याचा वासही नाही.

मिस्त्री म्हणतात, "गिअरबॉक्स उतरवू, क्लचचा पूर्ण सेट टाकू." मला वाटतं क्लचची प्लेट शाबूत आहे आणि दोष हायड्रॉलिकमध्ये आहे. खात्री कशी करायची?

प्रतिसाद
दादा, प्लेट घसरून राहिली असती तर चढावर लगेच समजलं असतं. तुमचा क्लच सुटून नाही राहिला, हा वेगळा रोग आहे. पंप केल्यावर बरं वाटतं म्हणजे लाईनीत हवा आहे, नाहीतर कुठलं तरी सील गेलं. पहिले ड्रायव्हरच्या पायाजवळचं कार्पेट उचलून पाहा. पेडलच्या दांडीला किंवा भिंतीला ओल असेल तर वरचा सिलिंडर, म्हणजे मास्टर गेला. बाहेर कुठेच ओल नाही आणि पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसतं, तरी मास्टरचंच आतलं सील. आणि पातळी उतरली म्हणून हाती लागेल ते ऑइल टाकू नका भाऊ! झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ (हे ब्रेक ऑइलचे प्रकार) लिहिलं असेल तेच टाका. इंजिन ऑइल चुकून गेलं तर सगळे रबर फुगतात.

प्रतिसाद
वरचं सगळं बरोबर, पण मिस्त्रींना लगेच खोटं ठरवू नका. तुमच्या गाडीत खालचा स्लेव्ह सिलिंडर (मास्टरकडून आलेल्या दाबाने क्लच सोडवणारा) कुठे आहे ते आधी बघा. गिअरबॉक्सच्या बाहेर बोल्टने बसवलेला असेल तर गिअरबॉक्सला हात न लावता बदलता येतो. त्याचं रबरी बूट बाजूला करून आत ओल आहे का तेवढं पाहायचं. पण अनेक गाड्यांत स्लेव्ह आणि रिलीज बेअरिंग (क्लच दाबून सोडवणारं बेअरिंग) एकत्र, बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या गिअरबॉक्सच्या कवचाच्या) आत असतं. तो गळला तर गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ चा उकळबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश असतो, ओल शोषल्यावर तो १४० च्या आसपास येतो. मे महिन्यात रस्त्यावर ४५ अंश आणि क्लचची नळी एक्झॉस्टजवळून गेलेली असेल, तर जुनं ऑइल आधी त्रास देतं. दुपारीच का बिघडतं, त्याचं हे एक कारण असू शकतं. मात्र पातळी का उतरली, ते यातून कळत नाही.

धागाकर्ता
दोघांचे आभार. कार्पेट कोरडं आहे. स्लेव्ह आतलाच निघाला. गाडी रॅम्पवर चढवून पाहिली तर बेल हाउसिंगच्या खालच्या भोकाशी ओल आहे. बोटाला लागलेलं पाण्याने लगेच धुऊन गेलं, म्हणजे इंजिन ऑइल नाही. गिअरबॉक्स उतरणारच. मग प्लेट जुनीच ठेवू का? आणि तोपर्यंत गाडी चालवावी का?

प्रतिसाद
प्लेटवर ब्रेक ऑइल उडालं असेल तर ती ठेवू नका. कोरडी निघाली तरी जाडी बघून ठरवा. मजुरी गिअरबॉक्स काढण्या-घालण्याचीच असते, त्यामुळे घासलेली प्लेट परत बसवण्यात शहाणपण नाही. फ्लायव्हीलवर चिरा आहेत का तेही डोळ्यांनी पाहा. नवा स्लेव्ह बसल्यावर हवा काढताना पेडल हळू दाबायला सांगा, धडाधड पंप केलं तर नव्या सीलला इजा होऊ शकते. हवा काढायच्या निपलमधून स्वच्छ ऑइल येईपर्यंत जुनं सगळं बाहेर काढा. पेंटवर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग उडतो.

एका डबीच्या बहुतेक गाड्यांत क्लचची नळी वरच्या बाजूने निघते, म्हणून आधी क्लच जातो आणि ब्रेकला थोडं ऑइल उरतं. त्या भरवशावर वर्धा रोडला निघू नका. गॅरेजपर्यंत न्यायची तरी पातळी भरून, सकाळच्या रिकाम्या रस्त्याने न्या.