गढूळ पाण्याला तुरटी की शेवग्याचं बी?

घोडबंदरकर:
जुलै लागला की आमच्या सोसायटीत टँकर येतो आणि बादलीत दुधाच्या चहासारखं पाणी पडतं. यंदा तुरटी फिरवली नाही. झाडावरच वाळलेली शेवग्याची शेंग घेतली, बियांची सालं काढली, आतला पांढरा गर खलबत्त्यात कुटला, वाटीभर पाण्यात कालवून फडक्यातून गाळला. दहा लिटरला चार-पाच बिया. मिनिटभर जोरात ढवळलं, मग पाच मिनिटं हळूहळू. दोन तासांत गाळ तळाला, वर निवळशंख पाणी! माझं म्हणणं असं, की ठाणे-नवी मुंबईच्या शुद्धीकरण केंद्रांनी तुरटी सोडून हेच वापरावं. पटत नसेल तर खोडा.

ऐरोलीचा_केमिस्ट:
खोडतोच. नवी मुंबईला येणारं मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होतं, क्षमता दिवसाला ४५० दशलक्ष लिटर. लिटरला १०० मिलिग्रॅम बी धरा, म्हणजे रोज ४५ टन. वाशीच्या बाजार समितीत शेवगा येतो तो सांबारातला, कोवळा. त्याच्या बियांनी पाणी निवळत नाही, पूर्ण पिकून वाळलेलीच लागते. शिवाय हे बी खूप गढूळ पाण्यात छान चालतं, कमी गढूळ पाण्यात फारसं नाही. धरणाचं पाणी हिवाळ्यात बऱ्यापैकी नितळ असतं, तेव्हा काय करणार?

आजीचा_बटवा:
आमच्याकडे शेवगा नाही, निवळीचं बी. माठाच्या आत खरडून लावायचं, त्यावर पाणी ओतायचं. सुश्रुतसंहितेत पाणी निवळवणाऱ्या वस्तूंमध्ये 'कतक' आहे, तीच ही निवळी. पूर्वज काही वेडे नव्हते.

ऐरोलीचा_केमिस्ट:
मनुस्मृतीतच म्हटलंय, कतकाचं फळ पाणी निवळवतं खरं, पण नुसतं नाव घेतल्याने पाणी निवळत नाही :)

घोडबंदरकर:
टोमणा पोचला. पण तुरटीचं काय? तिने पाण्याचा सामू (pH) उतरतो, ॲल्युमिनियम उरू शकतं. बियांनी सामू जवळपास हलत नाही आणि गाळही सेंद्रिय.

ऐरोलीचा_केमिस्ट:
उरू शकतं, म्हणून तर मर्यादा आहे: भारतीय मानकात ०.०३, दुसरा स्रोत नसेल तर ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर. मात्रा नीट धरली की त्यात बसतं. बियांचा घोळ वेगळाच. काम करतात ती धनभारित प्रथिनं. मातीच्या कणांवर ऋणभार असतो, तो मोडला की कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. पण त्या प्रथिनांबरोबर बियांतला बाकीचा सेंद्रिय ऐवजही पाण्यात उतरतो. तो जंतूंचं खाद्य. आणि त्यावर क्लोरीन घातलं की ट्रायहॅलोमिथेनसारखी नको ती संयुगं होतात. प्रथिनं वेगळी काढता येतात, पण मग 'घरगुती आणि स्वस्त' राहिलं कुठे? तुमचं निवळलेलं पाणी त्याच दिवशी संपवा. आणि प्यायच्या आधी उकळा. गाळाबरोबर बरेच जंतू खाली बसतात, सगळे नाही.

तलावपाळीकर:
ठाण्याच्या मासुंदा तलावाचं पाणी हिरवं दिसतं, त्यात टाकून बघायचं का?

ऐरोलीचा_केमिस्ट:
हिरवेपणा शेवाळाचा, आणि शेवाळाला पोसणारं नत्र-स्फुरद पाण्यात विरघळलेलं असतं. ते बियांना बधत नाही. वर सेंद्रिय भर मात्र पडेल. तलाव सोडा.

येऊरची_ताई:
तुम्ही दोघं केंद्रावरच अडकलात. आमच्या पाड्यावर पावसाळ्यात झऱ्याचं पाणी मातकट होतं. तिथे तुरटीसाठी वेगळं डोंगर उतरून जावं लागतं, शेवगा मात्र कुडाला लागून उभा. चार शेंगा वाळवून ठेवायला काय जातं? फक्त बायांना एकदा मात्रा दाखवून द्या. कमी पडली तर निवळत नाही आणि जास्त पडली तरी पाणी पुन्हा गढुळतं, हे मी स्वतः करून बघितलंय.

ऐरोलीचा_केमिस्ट:
ह्याला माझी ना नाही. पण उकळायचं सरपण धरा हिशेबात.

घोडबंदरकर:
बरं, केंद्राचा हट्ट सोडला, बादलीचा नाही. आत्ताच परवाचं उरलेलं पाणी हुंगलं. वास मारतंय. कुंड्यांना घातलं.