जट, यल्लम्मा आणि पुराव्याविना श्रद्धा

निपाणीकर (प्रश्न):
माझ्या आत्याच्या डोक्यात गेली सहा वर्षे जट आहे. ती आता मनगटाएवढी जाड झाली असून उशीवर डोके नीट टेकत नाही, मान एका अंगाला कललेली असते, आणि तरीही दर मंगळवारी त्या जटेला भंडारा लागतो. कात्रीचे नाव काढले की आत्या म्हणते, "यल्लम्माने दिली आहे, न्यायची तर तीच नेईल." पण काका वारले तेव्हा तिला सावरले तेही याच श्रद्धेने, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पुराव्याविना बाळगलेली श्रद्धा मग चांगली म्हणावी का?

चिकोडीचा वाचक:
केस विंचरले नाहीत की गुंता होतो, त्यात तेल, धूळ आणि भंडारा बसत जातो. जट म्हणतात ती एवढीच. आपल्या भागात मुलीच्या डोक्यात ती दिसली की देवीचे बोलावणे आले असे समजून तिला देवीला सोडत, म्हणजे देवदासी करत असत. कर्नाटकाने १९८२ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, पण मुली सोडणारे आईबाप दुष्ट नव्हते, श्रद्धाळूच होते. पुरावा मागणे उद्धटपणाचे ठरले, की किंमत अशी दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते.

खानापूरचा शिक्षक:
क्लिफर्ड या इंग्लिश गणितज्ञाने १८७७ मध्ये अशा जहाजमालकाचे उदाहरण दिले होते, जो जुनाट जहाजाविषयीच्या शंका दाबून, देवावर भरवसा ठेवून प्रवासी पाठवतो. त्याच्या मते जहाज सुखरूप पोहोचले असते तरी मालक दोषीच होता. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १८९६ मध्ये त्यावर आक्षेप घेतला, पण पुराव्याने ज्याचा निकाल लागत नाही आणि निवड टाळताही येत नाही, अशाच बाबतीत त्याने विश्वासाला मुभा दिली. देवी आहे की नाही हा प्रश्न तिथे बसेल. जट देवीने दिली का, हा बसत नाही, कारण त्याचा निकाल फणीने लागतो. (मला स्वतःला जेम्स जरा सोयीचा वाटतो.)

बेळगावची गृहिणी:
मी मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या दर्शनाला जाते, म्हणून वरची भाषा थोडी टोचली. माझ्या जाऊबाईंना "जट खोटी आहे" असे सांगून काही उपयोग झाला नाही. शेवटी सासूबाईंनी देवीची ओटी भरली, "तुझे तुला परत" म्हटले आणि घरातच जट कापली. आठ दिवस जाऊबाई भीतीने दाराबाहेर पडल्या नाहीत. नवव्या दिवशी मान मोकळी झाल्याचे त्यांनीच सांगितले. पुढच्या वर्षी त्या माझ्याबरोबर डोंगरावर आल्या. त्यांची श्रद्धा कमी झालेली मला तरी दिसली नाही.

निपाणीकर:
ताई, कापलेल्या जटेचे तुम्ही काय केलेत? आत्या सर्वांत आधी तेच विचारील.