नवीन टायर टाकल्यापासून गाडी डावीकडे ओढते, अलाइनमेंट करूनही तेच. काय करावं?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल आहे, टायर १६५/८० आर १४. जुने पार गुळगुळीत झाले होते म्हणून चारही नवीन टाकले, इथे सांगलीतच. दुकानातून निघाल्या निघाल्या जाणवलं की स्टेअरिंगवरची पकड जरा सैल केली की गाडी डावीकडे जायला लागते. आधी असं अजिबात नव्हतं. परत नेली, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केली, कागदावर सगळं हिरवं, म्हणजे मापात, आलं तरी तेच, पुन्हा करून घेतली तरी तेच. आता दुकानदार म्हणतो मॅडम रस्त्याला उतार असतो, चालवत राहा, टायर सेट होतील. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बदला. बाबांना घेऊन नेहमी पुण्याला जावं लागतं, हायवेला सतत स्टेअरिंग उजवीकडे धरून धरून खांदा भरून येतो. टायर खरंच सेट होतात का? की लोअर आर्मचा खर्च करून टाकू?

सांजवारा:
ताई सगळ्यात आधी हवा बघा. टायर रिमवर नीट बसावा म्हणून फिटिंगच्या वेळी हवा भरपूर मारतात आणि नंतर उतरवायची राहून जाते, एकात ४० आणि दुसऱ्यात ३० असं सर्रास असतं. ज्या बाजूला हवा कमी त्या बाजूला गाडी ओढणार. सकाळी गाडी थंड असताना बघा, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो त्यावर आहे.

बेलापूरकर:
बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) नीट झालं नसेल, दुसरीकडे करून घ्या.

घाटरस्ता:
बॅलन्सिंगने गाडी ओढत नाही दादा, स्टेअरिंग थरथरतं, तेही साधारण ८०-९० च्या पुढे. दोन्ही वेगळे आजार आहेत.

कृष्णाकाठ ताई, मी कोल्हापूरला टायरच्या दुकानात अलाइनमेंटचं मशीन चालवतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. लोअर आर्मला एक रुपयाही घालवू नका अजून. आधी हे ठरवा की दोष टायरमध्ये आहे की गाडीत, आणि ते ठरवायला फक्त जॅक आणि पाना लागतो.

हवा चारीकडे बरोबर करून घ्या. मग मोकळा सपाट रस्ता बघा, नवीन प्लॉटिंगमधला किंवा मैदान, आणि येताना-जाताना दोन्ही दिशांनी चालवा. रस्त्याच्या उताराचं म्हणणं खोटं नाही, पाणी निघून जावं म्हणून डांबरी रस्त्याला दोन-अडीच टक्के उतार ठेवतात आणि आपण डावीकडून चालतो म्हणून बहुतेक सगळ्याच गाड्या किंचित डावीकडे जातात. पण त्याच रस्त्यावर जुन्या टायरने गाडी सरळ जात होती ना? मग सगळं रस्त्यावर ढकलून चालणार नाही.

आता मुख्य काम. पुढची दोन चाकं रिमसकट एकमेकांच्या जागी लावा, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. त्याआधी टायरच्या बाजूवर बाण किंवा रोटेशन असं लिहिलंय का बघा, असेल तर तो टायर एकाच दिशेने फिरायचा असतो, मग अशी अदलाबदल करायची नाही, त्याच बाजूचं पुढचं मागे नि मागचं पुढे करायचं. आता चालवून बघा. गाडी उजवीकडे ओढायला लागली तर दोष टायरचा. ओढायची थांबली तरी टायरचाच. आणि पहिल्यासारखी डावीकडेच गेली तर टायर सोडा, मग ब्रेक, सस्पेन्शन, कॅम्बर (समोरून बघता चाक किती आत-बाहेर कललंय) नि कॅस्टर (बाजूने बघता चाक वळण्याचा अक्ष किती कललाय) बघायचं.

नवाकोरा टायर कसा ओढेल असं सगळे विचारतात. रेडियल टायरच्या आत नक्षीच्या खाली तारेचे पट्टे असतात, बनवताना ते अगदी थोडे एका अंगाला सरकले तर टायरची एक कड दुसरीपेक्षा कडक होते. डोळ्याला काही दिसत नाही, पण वजन पडलं की तो टायर बरोबर गोल न फिरता शंकूसारखा फिरतो. चहाचा कागदी कप टेबलावर आडवा ढकलला की सरळ न जाता वळत जातो, तसंच. याला कोनिसिटी म्हणतात. थोडीफार प्रत्येक टायरमध्ये असते, दोन्ही पुढच्या चाकांना सारखी असेल तर एकमेकाला मारते आणि कळतही नाही. एकात जास्त आली की गाडी ओढते, आणि अलाइनमेंटच्या मशीनला हे पकडता येत नाही, कारण ते चाकांचे कोन मोजतं, टायरच्या आत काय आहे ते त्याला दिसत नाही. म्हणून कागद हिरवा येतो आणि गाडी वाकडीच जाते. आणि हे चालवून सेट होत नाही, हो.

अलाइनमेंटचा कागद असेल तर आकडे टाका इथे.

कृष्णाकाठ:
खूप आभार दादा, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं. हवा बघितली, चारीकडे ३२ आहे. बाण नाही टायरवर. कागदावर असं आहे: टो (वरून बघता चाकं किती आत-बाहेर वळलीत) दोन्हीकडे हिरवा, कॅम्बर डावा उणे ०.२५ आणि उजवा उणे ०.४०, कॅस्टरच्या रकान्यात काहीच नाही. भावाला चाकं बदलायला सांगते रविवारी.

बेलापूरकर:
डावा-उजवा कॅम्बर वेगळा आहे बघा, तिथेच गोम आहे. कॅम्बर जॅक लावून सरळ करून घ्या, दहा मिनिटांचं काम.

घाटरस्ता:
कृपया हे करू नका. स्विफ्टला पुढचा टो सोडला तर काही फिरवायची सोय कंपनीने दिलेलीच नाही. जॅक लावून कॅम्बर काढणं म्हणजे हायड्रॉलिकने चांगला पार्ट वाकवणं, एकदा वाकवलेला स्ट्रट किंवा नकल (चाक धरून ठेवणारे भाग) परत होता तसा होत नाही. आणि ज्या कॅम्बरचा आकडा अधिकच्या बाजूला झुकलेला (इथे डावा, उणे ०.२५) तिकडे गाडी ओढते हे खरं, पण इथे फरक फक्त ०.१५ अंशाचा आहे, अर्धा अंश असता तर मीही संशय घेतला असता. एवढ्याने खांदा भरून येत नाही.

कॅस्टर रिकामं आहे कारण ते मोजायला स्टेअरिंग दोन्हीकडे ठरावीक अंशात फिरवून रिडिंग घ्यावं लागतं, घाईत बरेच जण सोडून देतात. पुढच्या वेळी समोर उभं राहून घ्यायला लावा.

जर्सीकर:
इकडे अमेरिकेत काही दुकानांत रोड फोर्स मशीन असतं, फिरत्या टायरवर रोलर दाबून मोजतात, त्यातली काही मशीन टायर बाजूला किती ढकलतो तेही दाखवतात आणि कुठलं चाक कुठे लावायचं ते सांगतात. पुण्या-मुंबईत कुठे असेल तर विचारून बघा.

सांजवारा:
चाकं काढणारच आहात तर ब्रेकही बघा. थोडं चालवून ब्रेक न दाबता हळूहळू गाडी थांबवा आणि दोन्ही पुढच्या रिमजवळ हात न्या, एक जास्त तापलं असेल तर कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा, धरून राहतोय.

कृष्णाकाठ:
पुढची चाकं अदलाबदल केली, आता गाडी उजवीकडे ओढते! अगदी स्पष्ट. रिम दोन्हीकडे सारखेच कोमट. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो मग दोन्ही मागे टाका आणि विसरून जा.

घाटरस्ता:
मग लोअर आर्मचा विषय संपला. मागे टाकून ओढणं जाईल, मागच्या चाकांवर ते फारसं जाणवत नाही, पण तुम्ही चार चांगल्या टायरचे पैसे दिलेत आणि पुढे कधी रोटेशन, म्हणजे चाकांची पुढे-मागे अदलाबदल, केलं की पुन्हा हेच सुरू होणार.

दोघांतला नेमका कुठला ते शोधा. आत्ता जे पुढे डावीकडे आहे ते मागच्या डाव्याशी बदला. ओढणं गेलं तर तोच. नाही गेलं तर ते परत पुढे आणा आणि उजवीकडे तसंच करा. सापडला की त्याच्यावर खडूने खूण करा आणि बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनंतर लांब कोड असतो त्याचा फोटो काढा, शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा.

मग दुकानदाराला दोन पर्याय द्या. टायरच्या बाजूवर आउटसाइड असं लिहिलेलं नसेल तर तो रिमवरून काढून उलटा बसवायचा, ओढ उलट्या बाजूला जाते आणि कधी कधी दुसऱ्या टायरशी जुळून नाहीशी होते. त्याने नाही जमलं तर कंपनीकडे मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टचा क्लेम. बिल, अलाइनमेंटचे दोन्ही कागद आणि अदलाबदल केल्यावर काय झालं ते लिहून द्या, कंपनीचा माणूस येईल त्याला बाजूला बसवून गाडी चालवून दाखवा. दुकानदार तोंडी सांगतो म्हणाला तर ऐकू नका, क्लेमचा नंबर मागून घ्या. आणि लवकर करा, क्लेम मंजूर झाला तरी नक्षी जितकी झिजली तितके पैसे कापतात, आत्ता जवळजवळ पूर्ण नक्षी आहे.