ऑटोमॅटिकचा गिअर लिव्हर ढिला झालाय: अख्खी असेंब्ली बदलू की नुसता बुश?

घाटवाट:
सेडान, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनाची ताकद तेलातून पोचवणारी) ऑटोमॅटिक, केबलचा शिफ्टर. लिव्हर आडवा हलतो, नॉबचं बटण अडकतं आणि आर (रिव्हर्स) मध्ये टाकल्यावर मागचा पांढरा दिवा लिव्हर पुन्हा थोडा हलवल्याशिवाय लागत नाही. गॅरेजवाले शिफ्टर असेंब्ली (लिव्हरचा अख्खा संच) बदला म्हणतात. टॉर्क रेंच आहे, काम घरीच करायचंय. क्रम काय ठेवू?

दहाबारा_पाना:
तुमच्याकडे बहुधा दोन वेगळे दोष आहेत. आडवा खेळ आणि अडकणारं बटण हे लिव्हरच्या पिव्होटचं (तो ज्यावर फिरतो त्या सांध्याचं) नि आतल्या दांडीचं काम, त्याला असेंब्लीच लागते. पांढरा दिवा उशिरा लागतो त्याचं कारण मात्र केबलच्या टोकाच्या बुशमध्ये (जोडातल्या छोट्या कडीत) असू शकतं. तो झिजलेला असेल तर नवीन लिव्हर बसवूनही दिव्याची तक्रार तशीच राहील.

आधी तपासा. सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना पुढून-मागून ओट (अडवणारे ठोकळे). इग्निशन ऑन, इंजिन बंद. एकाने ब्रेक दाबून लिव्हर हळू हलवायचा, दुसऱ्याने बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरच्या आर्मकडे बघायचं. आत लिव्हर सरकतो आणि आर्म मागाहून हलतो, तर बुश गेला. दोन्ही एकदम हलतात, तर गिअरबॉक्सवरचा पोझिशन स्विच (कुठला गिअर लागलाय ते कळवणारा) तपासा.

लिव्हर एन (न्यूट्रल) मध्ये आणूनच बॅटरीची निगेटिव्ह काढा. पी (पार्क) मध्ये राहिला तर शिफ्ट लॉकला (ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर पीमधून न सोडणाऱ्या कुलपाला) करंट मिळत नाही आणि लिव्हर अडकून बसतो. मग बाजूच्या छोट्या झाकणाखालचा रिलीज दाबावा लागतो. एअरबॅगचं युनिट बऱ्याच गाड्यांत कन्सोलखालीच असतं, म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबल्याशिवाय तिथल्या कनेक्टरना हात लावू नका.

नॉब कुठे स्क्रूवर असतो, कुठे क्लिपवर, कुठे आट्यांवर. बघितल्याशिवाय वर हिसका मारू नका. कन्सोलच्या क्लिपा प्लास्टिकच्या पट्टीने उचकटा. केबलचं टोक बॉल पिनवर असतं. एकाच बाजूने स्क्रूड्रायव्हर घातला तर प्लास्टिकची वाटी तडकते, दोन्ही बाजूंनी सारखं उचला. मग आउटर केबलची यू क्लिप, शिफ्ट लॉक आणि दिव्याचे कनेक्टर, शेवटी बुडाचे बोल्ट. चावीची गाडी असेल तर चावीच्या इंटरलॉकची (लिव्हर पीमध्ये नसताना चावी काढू न देणाऱ्या कुलपाची) वेगळी केबलही असू शकते, ती ओढून तुटते.

गिअरमित्र:
मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती केबलची जुळणी, आणि नेमकी तीच घाईत उरकतात. केबलचा ॲडजस्टर नट ढिला करा. गिअरबॉक्सचा आर्म पूर्ण पीपर्यंत न्या, मग दोन खटके मागे, म्हणजे एन. आतला लिव्हरही एनवर. केबलला ताण न देता नट घट्ट करा, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे.

अर्धा खटका चुकला तर गिअरबॉक्समधला मॅन्युअल व्हॉल्व्ह (लिव्हरने सरकणारा, तेलाची वाट ठरवणारा) अर्धवट उघडा राहतो. तेलाचा दाब कमी पडतो, गिअरबॉक्सच्या आतले क्लच घसरून जळतात. दुसरीकडे मीटरवर पी दिसतो, पण गाडी अडवणारी पार्किंगची कडी गिअरबॉक्सच्या दातात बसलेली नसते आणि उतारावर गाडी घरंगळते.

बॅटरी जोडल्यावर: स्टार्टर फक्त पी आणि एनमध्ये फिरावा, पांढरा दिवा आरमध्ये लगेच लागावा, ब्रेक न दाबता लिव्हर पीमधून निघू नये. मग हलक्या उतारावर पीमध्ये ठेवून पाय ब्रेकच्या अगदी जवळ ठेवा, हँडब्रेक सोडा. गाडी जराशी टेकून थांबली पाहिजे.

घाटवाट:
बुशला साधं ग्रीस चालेल का? जुनी असेंब्ली घेऊ का?

दहाबारा_पाना:
रबरी बुशला पेट्रोलियम ग्रीस नको, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर पुरे. कुर्ल्यात जुनी असेंब्ली मिळेल, पण पिव्होट हातात धरून आडवा हलवून पाहा, आणि पार्ट नंबर जुळल्याशिवाय पैसे देऊ नका. त्याच गाडीच्या एएमटीचा (साध्या गिअरबॉक्सला यंत्राने गिअर बदलणाऱ्या मॉडेलचा) लिव्हर दिसायला सारखा असला तरी चालणार नाही. बहुतेक एएमटीत पी नसतो आणि लिव्हर केबल न ओढता फक्त सिग्नल पाठवतो.