पेक्वॉड बुडाली त्याला अहाबपेक्षा स्टारबक जास्त जबाबदार

मीरा:
मेलव्हिलची 'मोबी डिक' (१८५१) ही कादंबरी वाचलेले बहुतेक जण पेक्वॉड हे देवमाशांची शिकार करणारं जहाज बुडाल्याचा सगळा दोष कप्तान अहाबच्या माथी मारतात. मी तो फर्स्ट मेट, म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी, स्टारबकला देते. पाय तोडणाऱ्या पांढऱ्या देवमाशाच्या सुडाने अहाब पेटलेला आहे, त्याचा विवेक संपलाय. स्टारबकचा शाबूत आहे. मुक्या जनावरावर सूड कसला, हे सगळ्या खलाशांदेखत तोच सुनावतो.

आणि पुढे? वादळ सरल्यावर वारा फिरल्याची वर्दी द्यायला तो खाली जातो. अहाब आत झोपलाय. बाहेर भरलेल्या बंदुका, त्यातलीच एक अहाबने पूर्वी त्याच्यावर रोखलेली. ती तो हातात घेतो. हा म्हातारा तीसेक जणांना घेऊन बुडणार, हे त्याला दिसतंय. घरची बायको मेरी आणि मुलगा आठवतात. तरी बंदूक जागेवर ठेवून वर येतो आणि स्टब या दुसऱ्या मेटला सांगतो, कप्तान गाढ झोपलाय, तूच जाऊन उठव. हे वाक्य मी त्याला माफ करू शकत नाही.

रघुवीर:
मीराताई, मग काय झोपलेल्या माणसाला गोळी घालायची? क्वेकर आहे हो तो, हिंसा न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा. बाप आणि भाऊ दोघेही याच धंद्यात गेलेले. देवमाशाला न भिणारा माणूस माझ्या होडीत नको, असं म्हणणारा जबाबदार गडी. लाटा, वारे, देवमासे यांच्यापुढे त्याचं धैर्य टिकतं, पण संतापलेल्या बलाढ्य माणसापुढे टिकणार नाही, हे लेखकाने त्याची ओळख करून देतानाच सांगितलंय. शिवाय भर समुद्रात कप्तानाविरुद्ध जाणं म्हणजे बंड. त्याची शिक्षा काय, हे नँटकेटच्या, म्हणजे ही जहाजं जिथून निघतात त्या अमेरिकन बेटाच्या, पोरासोरांनाही ठाऊक असणार.

मीरा:
बंडाचं म्हणताय तर ४६वं प्रकरण पुन्हा काढा. देवमाशाच्या तेलासाठी निघालेलं जहाज स्वतःच्या सुडाला जुंपून अहाबने अधिकाराचा गैरवापर केलाय. खलाशांनी हुकूम मोडला, अगदी बळाने जहाज ताब्यात घेतलं, तरी नीतीने आणि कायद्यानेही ते निर्दोष ठरतील, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. अहाब स्वतः हे ओळखून आहे, म्हणून तर इतर देवमाशांची शिकार चालू ठेवतो.

अश्विनी:
थोडं अवांतर. या वादात फेदल्ला कायम सुटतो. अहाबच्या कानाशी लागलेला, भाकितं करणारा हा माणूस पारशी दाखवलाय. डोक्याला स्वतःच्याच केसांचा फेटा, बोलणं कमी, नुसती सावली. त्याच काळात मुंबईत पारशी वाडिया मंडळी ब्रिटिश नौदलासाठी जहाजं बांधत होती. १८१७ साली इथे पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमाली जहाज आजही इंग्लंडमध्ये आहे. त्यामुळे मुंबईकर वाचक म्हणून मला हे पात्र फार खटकतं. असो. मूळ मुद्द्यावर मी रघुवीरच्या बाजूने आहे. कायदा काहीही म्हणो, खलाशी अहाबचे झाले होते. पांढरा देवमासा आधी दिसेल त्याला बक्षीस म्हणून अहाबने डोलकाठीवर ठोकलेल्या सोन्याच्या नाण्यापुढे, त्याला मारायची शपथ घेत भाल्यांच्या खोबणीतून प्यायलेल्या दारूपुढे स्टारबक एकटा काय करणार?

मीरा:
एकटा नव्हता, अश्विनी. वादळात डोलकाठ्यांच्या टोकांवर ज्वाळा दिसतात तेव्हा स्टारबक अहाबचा हात धरून म्हणतो, देव तुझ्या विरुद्ध आहे, घरी वळू या. ते ऐकून घाबरलेले खलाशी दोरांकडे धावतात, निम्मं बंड तिथेच झालंय! अहाब जळता भाला उगारून धमकावतो आणि सगळे गप्प. स्टारबकही. त्या क्षणी तो पुढे झाला असता, तर माणसं त्याच्यामागे आली असती असं मला ठामपणे वाटतं.

रघुवीर:
हे 'असतं तर' झालं. पेटता भाला रोखलेला असताना पुढे व्हा म्हणणं सोपं आहे, ताई. त्याने समजावण्याची एकही संधी सोडलेली नाही. अगदी पाठलागाच्या तिसऱ्या, शेवटच्या दिवशी अहाबची होडी पाण्यात सोडताना डोळ्यांत पाणी आणून जाऊ नकोस म्हणतो. त्याहून जास्त एका सज्जन माणसाकडून काय मागणार?

मीरा:
भाला उगारलेला नसतानाचं मागते. रेचल जहाजाचा कप्तान पेक्वॉडवर येतो. त्याचा बारा वर्षांचा मुलगा होडीसकट हरवलाय. ४८ तास शोधायला मदत करा, पैसे देतो, म्हणून विनवतो. हरवलेल्या होडीतल्या कुणीतरी कप्तानाचा कोट नाहीतर घड्याळ पळवलं असेल, अशी आधी थट्टा करणारा स्टबसुद्धा विरघळतो, पोराला वाचवलंच पाहिजे म्हणतो. अहाब नकार देतो आणि तीन मिनिटांत परक्यांना जहाजावरून उतरवायचा हुकूम सोडतो. तो हुकूम स्टारबकला आहे. स्वतः एका मुलाचा बाप असलेला हा माणूस त्यावर काय बोलतो, ते त्या प्रकरणात शोधून दाखवा.